दुखानमधलं अदृश्य घर

मी एकदा कतारमधल्या दुखान गावातलं आमचं घर ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकून टाकलं होतं. हेतू असा, की ते शत्रूला दिसू नये. आमचंच नव्हे, माझ्या सांगण्यावरून त्या ओळीतल्या प्रत्येक मराठी घराच्या खिडक्या झाकल्या गेल्या, आणि तेल कंपनीच्या टाउनशिपचा तो कोपरा भर दुपारी असा चकाकायला लागला की समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात धरून गाडी चालवायचे. मी तेव्हा नाशिकहून फिजिक्स घेऊन बीएस्सी होऊन आले होते. मला सगळं कळत होतं. आता त्यातलं बरंचसं कळेनासं झालंय, म्हणून लिहायला बसले.

माझा दादा कंपनीच्या स्टोअर्समध्ये होता. बीकॉम झालेला, सरळ, हिशेबी, आणि घरातल्या पहिल्या सायन्सवाल्या मुलीचा, म्हणजे माझा, उगाच अभिमान बाळगणारा. वहिनीला दिवस गेले होते, आईकडे पासपोर्ट नव्हता, म्हणून मदतीला मला पाठवलं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की नाशिकला मला बघायला येणाऱ्यांची रांग लागली होती आणि मी प्रत्येकाला फिजिक्समधला एक प्रश्न विचारायची. शेवटी संगमनेरचा एक मिशीवाला लेक्चरर उत्तर देऊन गेला. घरच्यांनी त्याला पसंत केलं आणि मी दुखानला पळाले. (ती मिशी पुढे माझ्याच नशिबात होती. पण तेव्हा मला ती नको होती, आणि या गोष्टीत तेवढंच महत्त्वाचं आहे.)

वहिनी कुडाळकडची. आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा आत्या तिच्या बोलण्याला हसली होती, तेव्हापासून ती आमच्याशी शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायची. मी तिच्याहून लहान, तरी मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायची. मात्र दूध उतू गेलं, सुरी बोटाला लागली किंवा मासा ताजा निघाला, की तिच्या तोंडून मालवणी बाहेर पडे. मासा रोजचाच होता. आमच्या नाशिकच्या स्वयंपाकघरात ज्याचं नाव घेतलं तर आई खिडक्या उघडायची, तो मासा, इथला हमूर, तिरफळ घातलेल्या आमटीत असायचा, आणि दादा भाताचा डोंगर करून त्यात हात घालायचा. थंडी असल्यामुळे एसी बंद. एसी बंद झाला की दुखानचे बाकीचे आवाज कळायचे. वाऱ्याने दाराखालून आत येणारी रेती. वहिनीच्या बांगड्या. आणि सगळ्यांच्या मागे एक सतत घुमणारा घरघराट, पलीकडच्या विहिरींवर वाया जाणारा वायू जाळायचे त्या ज्वाळेचा. ती ज्वाळा घराएवढी उंच होती. तिच्या उजेडात आमच्या न्हाणीघराची भिंत कायम नारिंगी असायची. ही ज्वाळा लक्षात ठेवा असं मी वाचकांना सांगते, कारण मी स्वतः ती लक्षात ठेवली नाही.

त्या उन्हाळ्यात इराकने कुवेतवर स्वारी केली होती. हिवाळा आला तसं सगळ्यांना कळलं की आता याचं काहीतरी होणार. टाउनशिपमधल्या बायका मुलांना घेऊन मुंबईला निघाल्या. शेजारची घरं एकेक करून अंधारी व्हायला लागली. दादाच्या खात्यातल्या लोकांची रजा बंद झालेली, त्यामुळे तो जाऊ शकत नव्हता. तो जेवताना म्हणाला, "तुम्ही दोघी निघा. आत्ताच निघा. सातवा लागला की विमानात घ्यायला खळखळ करतात, आठवा लागला की डॉक्टरच सोडत नाही. मग अडकलो."

वहिनीने त्याच्या ताटात भात वाढला. "बघू," म्हणाली.

"बघू नाही. मी तिकिटाचं बोलतो."

"संक्रांत होऊ दे. हळदीकुंकू करते नि जाते."

मी गप्प होते, कारण निघणं म्हणजे संगमनेर.

अशा वेळी माझ्या हाती ते साप्ताहिक लागलं. कुणीतरी मुंबईहून येताना आणलेलं मराठी साप्ताहिक. त्यात एका काळ्या, कोनाकोनाच्या विमानाचं चित्र, कुणी कागदाची होडी करायला घेऊन अर्ध्यात सोडून दिल्यासारखं. वर मोठ्या अक्षरांत 'अदृश्य विमान'. रडारला दिसतच नाही म्हणे. ते कसं काय, हे पुढच्या पानावर होतं, आणि पुढचं पान वहिनीने हमूर साफ करायला घेतलं होतं. खवल्यांखालून मला 'किरण' आणि 'परत' असे दोनच शब्द वाचता आले. बाकीचा लेख मी मनाने पुरा केला. रडार किरण सोडतं. धातू किरण आत येऊ देत नाही, परत पाठवतो. म्हणजे किरण आत गेलेच नाहीत, तर आत काही आहे हे रडारला कळणार कसं? दारावरून हाकलून दिलेल्या माणसाला घरात कोण आहे ते कळतं का? अख्ख्या जगाच्या वायुदलांना जे जमवायला वर्षं लागली ते मी मटार सोलता सोलता जमवलं होतं. विद्यापीठाने दिलेली पदवी माझ्याकडे अजून आहे. परत मागितली नाही कुणी.

वहिनी पुरणासाठी गूळ चिरत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे खिडक्यांना तो चांदीचा कागद लावला, की रडारला आपलं घर दिसायचं नाही?"

"मुळीच नाही. आणि दिसलं नाही तर क्षेपणास्त्र येईल कुठे?"

"मग इथे राहायला काहीच भीती नाही."

"काहीच नाही."

तिने सुरी खाली ठेवली. "हे तुम्हीच ह्यांना सांगा, वन्सं. मी सांगितलं तर हसतील."

मी सांगितलं. हातवारे करून, कागदावर आकृती काढून. दादाने आकृती उलटीसुलटी करून पाहिली. "खात्री आहे तुला, शुभे?" मी म्हटलं, शंभर टक्के. आज मला वाटतं, त्याला विश्वास ठेवायचाच होता. बायको डोळ्यांसमोर राहावी असं कुणाला वाटत नाही? आणि मला ज्या दिशेने पळायचं होतं त्याच दिशेने माझं भौतिकशास्त्र मला पळवत होतं. माणसाला हवं ते सिद्ध करून देण्यात शास्त्रासारखा आज्ञाधारक नोकर नाही, निदान वीस-एकवीस वर्षांच्या माणसाच्या हाताखाली.

संक्रांतीचं वाण काय द्यायचं हा प्रश्न होताच. वहिनीच्या मनात प्लॅस्टिकचे डबे होते. मी म्हटलं, फॉइलचे रोल. दादा दोह्याला जाऊन खोकी घेऊन आला. दुकानदाराने त्याला विचारलं होतं, "साब, शवर्मा का दुकान खोल रहे हो क्या?" आमच्या घरातली फॉइल मी आदल्या दिवशी लावली. एकही फट सोडली नाही. घरात भर दुपारी दिवा लावावा लागला, आणि त्या दिव्यात काळी चंद्रकळा नेसलेली, पोट सांभाळत गूळपोळ्या लाटणारी वहिनी अशी दिसत होती, जणू कुणी तिला भेटवस्तूच्या खोक्यात बसवलंय.

हळदीकुंकवाला जेमतेम सहा-सात जणी उरल्या होत्या. एरवी दिवाणखान्यात बसायला जागा नसायची. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, वहिनीने प्रत्येकीच्या ओटीत एकेक रोल घातला आणि मी उभी राहून भाषण केलं. सोनावणे काकू म्हणून एक होत्या, जळगावच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी रोल हातात फिरवून पाहिला.

"ह्याच्यात पोळ्या गुंडाळायच्या का नवरा, ते सांग आधी."

"काकू, खिडक्या झाका. रडारला घर दिसणार नाही."

"माझ्या सासूला दिसणार नाही असं काही आहे का तुझ्या बीएस्सीत?"

सगळ्या हसल्या. पण हसणं लवकर संपलं. मग काकूंनीच हळू आवाजात विचारलं, "खरंच चालतं का गं हे?" आणि तो आवाज ऐकूनही मी म्हटलं, चालतं. दुसऱ्या दिवशी ओळीतल्या सगळ्या खिडक्या चंदेरी.

मग युद्ध सुरू झालं. आमच्यापर्यंत ते रेडिओतून आलं, आणि कधी कधी फार उंचावरून जाणाऱ्या, न दिसणाऱ्या आवाजातून. असा आवाज आला की वहिनी पोळपाटावरचा हात थांबवायची आणि तो गेला की पुन्हा लाटायला लागायची. रेडिओवर त्या काळ्या विमानांचं नाव रोज. ती जातात, काम करतात, परत येतात, कुणाला पत्ता लागत नाही. दुखानला काही झालं नाही. त्याचं श्रेय मी घेतलं. दादाने तिकिटाचा विषय काढला की वहिनी खिडकीकडे बघायची, आणि मी दोन वाक्यं बोलायची, आणि विषय पुढच्या आठवड्यावर जायचा. असे आठवडे गेले. कुणी मोजतंय असं मला वाटलं नाही.

महाशिवरात्र झाल्यावर दामले काका आले. हे पूर्वी वायुदलात रडारवर होते, पंजाबात कुठल्याशा ठाण्यावर, आणि आता कंपनीच्या बिनतारी संदेशाच्या खात्यात. बरेच दिवस समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर ड्यूटी होती, तिथून थेट आमच्याकडे आले, वहिनीच्या गूळपोळीसाठी. दारात उभे राहून त्यांनी दादाला विचारलं, "हे काय, रे? थंडीत ऊन लागायला लागलं का तुम्हाला?"

दादाने माझ्याकडे बोट केलं. मी आकृतीसकट सगळं सांगितलं. काका पोळी खाता खाता ऐकत होते. पोळी संपली, हात धुतला, मग म्हणाले, "ते स्टीलचं ताट घेऊन बाहेर चल."

बाहेर ऊन होतं. काकांनी ताट सरळ धरलं. माझे डोळे दिपले. "दिसतंय ताट?" मी म्हटलं, दिसतंय म्हणजे काय, आंधळी झाले. मग त्यांनी ताट जरा तिरकं केलं. कवडसा माझ्या तोंडावरून उडून शेजारच्या भिंतीवर गेला. "आता?" आता ते नुसतं करडं ताट होतं.

"किरण परत येतो म्हणून तर रडारला वस्तू दिसते, पोरी. ते विमान तसं तिरकं बनवलंय, की किरण तुझ्याकडे परत न येता भलतीकडे जावा. वर रंग असा, की निम्मा किरण पिऊन टाकतो. आणि तू काय केलंस? ओळीने आरसे लावलेस. आख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यात ठळक काही असेल तर तुमच्या खिडक्या." मग ते मागे वळले आणि त्यांनी त्या ज्वाळेकडे मान उडवली. "नाही, चुकलो. ती आधी, मग तुमच्या खिडक्या."

दादा आत गेला. मला खरं तर जमिनीत जावंसं वाटायला हवं होतं. पण मी होते मूर्ख आणि चौकस, आणि हे दोन्ही एकाच वेळी असलेल्या माणसाला लाज जरा उशिरा वाटते. मी ताट हातात घेऊन तिरकं करत राहिले. विचारलं, "काका, मग ते विमान कुणालाच कधीच दिसणार नाही?"

"अदृश्य बिदृश्य हे पेपरवाल्यांचं. दिसतं ते. उशिरा दिसतं. लोकांना दिसेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, एवढंच."

"पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर? हे बघा, मला कवडसा दिसत नाही, पण भिंतीवर कुणी बसलं असेल तर त्याला दिसेल."

काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "दिसेल. किरण सोडणारा एका जागी आणि झेलणारे भलत्याच जागी ठेवले तर दिसेल. लांब लाटांचं जुनं रडार असेल तर त्यालाही काहीतरी आहे एवढं कळेल, नेमकं कुठे ते कळणार नाही. इंजिनाची धग तर लपवता येतच नाही पुरती."

"मग एक दिवस ही विमानं फुकट जातील."

"अशी घाई करू नको. काहीतरी आहे हे कळणं आणि नेम लागणं यात अंतर असतं. ते विमान त्या अंतरात जगतं. आता हे अंतर कमी व्हायला किती काळ लागेल, ते मला ठाऊक नाही. पण एवढं सांगतो, विमानाचा आकार एकदा ठरला की ठरला. शोधणाऱ्याला मात्र दर वर्षी नवं काहीतरी सुचतं."

तीस-पस्तीस वर्षांनी हाच प्रश्न माझा नातू ईशान मला विचारतो. मी दोह्याजवळ लुसैलला लेकीकडे असते तेव्हा. मध्यंतरी एका संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी त्यांच्या बाल्कनीतून आकाशात क्षेपणास्त्रं फुटताना पाहिली, आणि तेव्हापासून त्याला दुसरा विषय नाही. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, मधे कुठेतरी आमची भेट होते. "आजी, स्टेल्थ इज फिनिश्ड. कॉम्प्युटर विल फाइंड एव्हरीथिंग." त्याचं म्हणणं असं, की आता आकाशात सगळीकडे लहरी भरलेल्या आहेत, मोबाइलच्या, टीव्हीच्या. त्यांतून विमान गेलं की त्या हलणार, आणि ते हलणं ओळखणारी यंत्रं येणार. शिवाय धग पाहणारे कॅमेरे, आणि झुंडीने येणारी स्वस्त ड्रोन. महागडं एक विमान लपवण्यापेक्षा शंभर ड्रोन उघड पाठवा की. मी म्हणते, बाळा, कुलूप उघडणारे सगळीकडे आहेत, म्हणून तुझ्या आईने दाराला कुलूप लावायचं सोडलं का? लपणं पुरेसं पडणार नाही, हे खरं. लपायचंच सोडून दिलं तर पहिल्या फटक्याला सापडेल, हेही खरं. पुढचं विमान लपेलही, आणि सोबत आवाज करणारी चार सोंगंही पाठवेल. तो विचार करतो. म्हणतो, "सो यू डोन्ट नो." मी म्हणते, खलास, बरोबर ओळखलंस. माझ्या वयाला हे उत्तर फार आवडायला लागलंय. मी त्याला एवढंच दाखवते की समोरच्या सगळ्या इमारती आरशाच्या काचेच्या आहेत. माझी कल्पना लुसैलवाल्यांनी ढापली, आणि मला कुणी पैसाही दिला नाही.

पण दुखानला त्या दुपारी विनोद नव्हता. काका गेल्यावर दादाने गाडी काढली, वहिनीला घेऊन कंपनीच्या दवाखान्यात गेला. तासाभराने परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी चहाचं विचारलंच नाही. आठवा लागून गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता विमानाचं नाव काढू नका, रस्त्याने सौदीतून जाण्याचं तर बोलूच नका. पंधरा दिवसांपूर्वी आला असतात तर वेगळी गोष्ट.

"तुझ्यावर विश्वास ठेवला, शुभे," दादा म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तिला काही झालं असतं, होईल अजूनही, तर मी कुणाला विचारू? तुझ्या त्या आकृतीला?" आणि तो कामावर निघून गेला. तेव्हा मात्र माझी लाज आली, उशिरा, आणि सगळी एकदम. मला पहिल्यांदा कळलं की मी एक खेळ मांडला होता आणि त्यात पणाला लागलं होतं ते माझं काहीच नव्हतं. माझं फार तर संगमनेर होतं.

(युद्ध थोडक्यात संपलं. भाची दोह्याच्या इस्पितळात झाली, धडधाकट, आणि दादा तिला हातात घेऊन पहिल्यांदा बाहेर आला तो माझ्यापाशीच आला. पण हे सगळं नंतरचं, आणि त्या दुपारी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं.)

मी स्टुलावर चढून फॉइल काढायला लागले. चिकटपट्टी ओढली की काचेवर पांढरे वण राहायचे. पहिली खिडकी मोकळी झाली आणि ऊन थेट चुलीवर पडलं. वहिनी खाली मोढ्यावर बसून माझ्या हातातले तुकडे घेत होती आणि मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करत होती. मला रडू आवरेना. मी स्टुलावरूनच म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे अडकलात तुम्ही. तुम्हाला जाता आलं असतं."

तिचा एक तुकडा सपाट झाला, दुसरा घेतला. मग तिने वर पाहिलं. ना दूध उतू गेलं होतं, ना बोट कापलं होतं, तरी 'वन्सं' गेलं आणि 'तुम्ही' गेलं. ती म्हणाली:

"रडतंस कित्याक गो? माका पयल्या दिसापासना म्हायत होता. ह्या कागदात फकस्त चपाते गरम रवतत. पण मी 'ह्येंका एकट्याक सोडून जावचंय नाय' असा सांगलंय असता, तर ह्येंनी माका दुसऱ्या दिसाच्या इमानात बसयल्यानी असता. माझा ऐकल्यानी नसता. तू बीएस्सी, तू सांगलंस म्हणान ऐकल्यानी. आता इमानवाले माका घेणत नाय, नि ह्ये माका धाडूक शकणत नाय. उतर खाली, नि ह्येंका ह्यातला काय एक सांगा नको."